पलंगाखाली गोदाम नसतं

टंचाई कुणालाच मानवत नाही, असं अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. त्यांनी सदूभाऊंना पाहिलेलं नव्हतं. १९७३ आणि ७४ ही दोन वर्षं देशाला पार पिळून गेली आणि नेमक्या त्याच दोन वर्षांत सदूभाऊंच्या चेहऱ्यावर तेज चढलं. खांदे सरळ झाले, आवाजाला खर्ज आला, जिना उतरताना कठडा धरायची सवय सुटली. त्याआधी ते एका विमा कचेरीच्या रेकॉर्ड खात्यात जुन्या फायलींना नवे दोरे बांधत. घरात त्यांना कोणी काही विचारत नसे आणि चाळीत त्यांचं मत गणपतीच्या वर्गणीपुरतं मोजलं जाई. मग बाजारातून तांदूळ दिसेनासा झाला आणि सदूभाऊ दिसू लागले.

(सदूभाऊ हे नाव मी ठेवलेलं आहे. खरं तर असा माणूस तेव्हा गोरेगावच्या प्रत्येक चाळीत एक होता. काही चाळींत दोन होते, आणि दोन असले की त्यांचं आपसात बोलणं नसे.)

सदूभाऊ कचेरीला निघाले की हातात रेक्झिनची एक बॅग असायची. तिच्यात कचेरीचं काहीही नसे. एक कापडी पिशवी, तिच्या पोटात दुसरी कापडी पिशवी, दुसरीच्या पोटात नायलॉनची जाळीदार, सुतळीचं गुंडाळं, गोडेतेलासाठी एक आणि रॉकेलसाठी एक अशा बुचाच्या दोन बाटल्या, आणि मेणकापडात गुंडाळलेलं रेशनकार्ड. कार्ड ते घरी ठेवत नसत. "घरी ठेवलं आणि चर्चगेटला साखर निघाली, तर?" कार्डावरचा माल नेमून दिलेल्या दुकानातच मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि विश्वास बसणं यांत त्या काळी बरंच अंतर पडलं होतं.

दुपारच्या सुट्टीत ते डबा दहा मिनिटांत संपवून फोर्टपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत एक फेरी मारत. ही खरेदी नव्हे, टेहळणी. संध्याकाळच्या गाडीत या टेहळणीचा बाजार भरायचा. पार्ल्याचे, जोगेश्वरीचे, मालाडचे असे सगळ्या ठाण्यांचे सदूभाऊ एकाच डब्यात उभे असत आणि बातमीच्या बदल्यात बातमी देत. "दादरला डालडा आहे. पण बरोबर दोन साबण घ्यावे लागतात." "कुठला साबण?" "कुठला का असेना." "मग मस्जिद बंदरला चहाची पावडर आहे म्हणतात." "म्हणतात, की आहे?" या शेवटच्या प्रश्नावर सदूभाऊंचा फार कटाक्ष होता. ऐकीव बातमीच्या बदल्यात ते खरी बातमी कधीच द्यायचे नाहीत. ऐकीव बातमीला ते ऐकीवच बातमी द्यायचे, आणि तीही बहुधा तिथल्या तिथे तयार करून.

या संकटाची कारणमीमांसा चाळीला सदूभाऊंकडूनच मिळाली. वर्तमानपत्रं होती, पण कागदाच्या टंचाईनं तीही रोडावली होती. सदूभाऊंच्या पुराणाची सुरुवात १९७१ पासून व्हायची. बांगलादेशचं युद्ध, त्याआधी आलेले कोटभर निर्वासित, रिकामी झालेली तिजोरी. मग ७२ चा पाऊस. महाराष्ट्रात त्या वर्षी पाऊस असा रुसला की गावंच्या गावं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाऊन दिवस काढू लागली. (मिलोची भाकरी सदूभाऊंनी गावाहून फडक्यात बांधून आणली होती. ती त्यांनी आम्हां मुलांना दाखवली, पण खाऊ दिली नाही. ठेवून दिली.) मग एप्रिल ७३ मध्ये सरकारनं गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला आणि गहू जो बिळात शिरला तो बाहेरच येईना. ऑक्टोबरात इजिप्तचं सैन्य सुएझ ओलांडून गेलं, युद्ध पेटलं, अरबांनी तेल आवळलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप चार महिन्यांत बाराच्या घरात गेलं.

सदूभाऊंनी मुलाच्या नकाशाच्या पुस्तकातलं पान फाडून भिंतीवर लावलं होतं आणि सुएझच्या कालव्याला तांबड्या पेन्सिलीनं गोल केला होता. "तिथं खुट्ट झालं, की इथं आपल्या स्टोव्हची वात कोरडी," असं ते म्हणायचे. आतून वहिनींचा आवाज यायचा, "मग तिथंच जाऊन उभे राहा की बाटली घेऊन. इथल्या रांगेपेक्षा नंबर तरी लवकर लागेल."

नोव्हेंबरात पेट्रोल महागलं आणि अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. त्याचा फोटो पेपरात आला. चाळीतली तरुण मंडळी त्यावर खूष झाली. सदूभाऊंनी फोटो बारकाईनं पाहिला आणि विचारलं, "बैलांची पेंड कुठून आणली, ते दिलंय का खाली?"

मला आज मागं वळून पाहताना वाटतं, की सदूभाऊंची कारणमीमांसा नव्वद टक्के बरोबर होती. त्या काळच्या काही मंत्र्यांपेक्षा निश्चित जास्त. घोटाळा होता तो निष्कर्षात. पुराण बांगलादेशपासून सुरू होवो की सुएझपासून, त्याचा शेवट ठरलेला असायचा, "म्हणून म्हणतो, आजच दोन किलो जास्त घेऊन ठेवा." मग चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांतल्या बायका पिशव्या घेऊन निघायच्या, प्रत्येकीनं दोन किलो जास्त घेतले की दुपारपर्यंत वाण्याचं पोतं आडवं व्हायचं आणि संध्याकाळी खरंच तांदूळ नसायचा. सदूभाऊ गॅलरीत हात मागं बांधून उभे असायचे. "बघा. म्हटलं नव्हतं?"

रांग हे सदूभाऊंचं खरं कार्यक्षेत्र. रॉकेलच्या दुकानापुढं मध्यरात्रीपासून नंबर लागायचे. माणसांचे नव्हेत, वस्तूंचे. डबे, विटा, फुटक्या बादल्या, एकेक चप्पल, गळका हंडा. पहाटे गाडा यायच्या वेळी त्या वस्तूंचे मालक आपापल्या वस्तूच्या जागी प्रगट होत. सदूभाऊंची एक वीट होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांची आद्याक्षरं होती. रंग त्यांनी दारासाठी आणला होता. दार तसंच राहिलं. बाकीच्यांच्या विटा रात्रीतून सरकत, कधी कधी मागच्या मागे नाहीशा होऊन कुणाच्या तरी न्हाणीत बसत. सदूभाऊंच्या विटेला हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण त्यांच्याकडे वही होती. वहीत रात्री अकरा वाजताची सगळ्या वस्तूंची क्रमवारी लिहिलेली असे. "अकरावर हिरवा डबा, बारावर गोखल्यांची चप्पल, डावी." सकाळी भांडण झालं की वही उघडायची. मालाडचे सब-इन्स्पेक्टर एकदा बंदोबस्ताला आले होते. त्यांनीही शेवटी "त्या वहीवाल्यांना बोलवा" असं सांगितलं म्हणतात. म्हणतात, की खरंच सांगितलं, हे मी सदूभाऊंना कधी विचारलं नाही.

त्यांच्या न्यायदानात दयेला जागा होती, पण मोजकी. गरोदर बाई पुढं. काठी टेकणारा म्हातारा पुढं. काठी नवी दिसली तर चौकशी. आणि "गॅसवर दूध ठेवून आलेय हो," असं म्हणणारी बाई दिवसाला एक. गॅस असलेली बाई रॉकेलच्या रांगेत काय करते, हा प्रश्न त्यांना पडायचा, पण ते तो मोठ्यांदा विचारत नसत. ज्याच्याकडे गॅस आहे त्याचीच ओळख पुढेमागे उपयोगी पडते.

रांगेच्या सामर्थ्याचा मी जो चमत्कार पाहिला तो असा. एका रविवारी सकाळी सदूभाऊ स्टेशनावरून येत होते. रेशनचं दुकान बंद, दारावर "माल संपला" ही पाटी. सदूभाऊंच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून ते दुकानाच्या पायरीशी थांबले आणि खाली वाकून सेफ्टीपिन लावू लागले. बंद दुकानापुढं सदूभाऊ उभे आहेत, हे समोरच्या इमारतीतून एका बाईनं पाहिलं. ती पिशवी घेऊन खाली आली आणि त्यांच्या मागं उभी राहिली. तिच्या मागं तिची जाऊ. जावेच्या मागं दोन कॉलेजकुमार, ज्यांना आईनं पाठवलं होतं. सदूभाऊंनी पिन लावून मान वर केली तर मागं वीस माणसं. हे दृश्य पाहून एखादा माणूस "अहो, मी चप्पल दुरुस्त करतोय" असं म्हणाला असता. सदूभाऊंच्या मनात मात्र आलं, की एवढी माणसं उभी आहेत म्हणजे काहीतरी येणार आहे आणि आपला नशिबानं पहिला नंबर आहे. ते तिथंच उभे राहिले. तासाभरात रांग कोपऱ्यावर वळली. दुकानदार वरच्या मजल्यावर राहायचा. त्यानं खिडकीतून रांग पाहिली, त्याला घाम फुटला, कुणीतरी वर कळवलं असणार असं त्याला वाटलं, आणि त्यानं खाली येऊन निमूटपणे मागच्या खोलीतून रव्याची दोन पोती बाहेर काढली.

त्या दिवशी चाळीत सगळ्यांकडे शिरा झाला. साखर कमी होती, पण झाला. सदूभाऊंकडे झाला नाही. त्यांनी रवा ठेवून दिला.

आता त्या ठेवून देण्याविषयी.

दोन खोल्यांचं बिऱ्हाड. बाहेरच्या खोलीत एक लोखंडी पलंग, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारी चादर. चाळीत पलंगावर एवढी मोठी चादर घालणारे सदूभाऊ एकटेच. चादरीखाली डालड्याचे पिवळे डबे भिंतीला टेकून ओळीनं. त्यांच्यापुढं साबणाच्या वड्या. त्यांच्यापुढं काड्यापेट्यांची पुडकी, ओल लागू नये म्हणून डालड्याच्याच एका रिकाम्या डब्यात. पोटमाळ्यावर गूळ, चहा, सोड्याची पाकिटं, वाती आणि रॉकेलचा एक डबा, ज्याच्या शेजारी काड्यापेट्या ठेवू नयेत एवढी अक्कल सुदैवानं त्यांना होती. मुलांच्या वह्या मिळत नाहीत म्हणून पुढच्या तीन इयत्तांच्या वह्या आत्ताच घेतलेल्या. आणि एका पाकिटात निर्वासितांच्या मदतीसाठी पत्रावर जादा लावायची पाच पैशांची तिकिटं, शंभरेक. ती सक्ती मार्च ७३ अखेर उठली. तिकिटांचा उपयोग संपला, पण सदूभाऊंनी ती फेकली नाहीत. "निर्वासित पुन्हा आले, तर?"

या साठ्याचे कायदे कडक होते. नवीन माल मागं, जुना पुढं, आणि खायला काढायचा तो सर्वांत जुना. ऐकायला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात त्या घरानं दोन वर्षं एकही ताजी वस्तू खाल्ली नाही. तांदूळ घरात आला की कडुनिंबाचा पाला घालून पिंपात जायचा आणि बाहेर निघेपर्यंत त्याला सोंडे झालेले असायचे. वहिनी सूप घेऊन बसायच्या, पाखडायच्या, निवडायच्या आणि म्हणायच्या, "नव्या तांदळाचा भात मी माहेरी गेले की खाते." बेसन कडू, चहा वासाचा, गुळाला मुंग्या. दुकानात माल आल्यावर चाळीतले सगळे त्या दिवशी चांगलंचुंगलं खायचे. सदूभाऊंच्या घरी त्याच दिवशी गेल्या हंगामातलं संपवायची सक्ती असायची, कारण जागा करायची असायची. देशातल्या अन्नटंचाईचा खरा फटका मी कुठं पाहिला असेल तर त्या भरल्या घरात.

आणि हेच सदूभाऊ साठेबाजांचे कट्टर वैरी होते. वर्तमानपत्रांना पत्रं पाठवत. "साठेबाजांना भर चौकात फाशी द्या" हे त्यांच्या पत्राचं कायमचं शीर्षक. चौक तेवढा बदलायचा. एकदा माझ्या वडिलांनी चादरीकडे बघत हळूच म्हटलं, "सदूभाऊ, थोडंफार सगळेच ठेवतात हो." सदूभाऊ तडकले. "व्यापाऱ्याचा माल गोदामात असतो. माझा पलंगाखाली आहे. पलंगाखाली कुणाचं गोदाम असतं का?"

मृणालताई गोरे आमच्या गोरेगावच्या. ७२ पासून त्यांनी, अहिल्याताई रांगणेकरांनी आणि इतर पक्षांच्या बायकांनी मिळून महागाईविरुद्ध आघाडी उघडली होती. पक्षांचे पुरुष एकमेकांचं तोंड पाहत नसत, बायका मात्र एका मोर्चात चालत होत्या. हातात थाळी आणि लाटणं. हजारो थाळ्या एकदम वाजल्या की पुढच्या कचेरीतला साहेब खिडकी लावून घ्यायचा. या बायका दुकानांत, गोदामांत शिरायच्या, दडवलेला माल शोधायच्या आणि तिथल्या तिथे रास्त भावानं विकायला लावायच्या. मोर्च्याला आमची आई गेली, चाळीतल्या बहुतेक बायका गेल्या, आणि सर्वांत पुढं सिंधूवहिनी गेल्या. सदूभाऊंनी त्यांना अभिमानानं निरोप दिला. म्हणाले, "एकालाही सोडू नका."

बायका गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की घरातलं एकुलतं एक लाटणं मोर्च्याला गेलं आहे आणि आपल्याला पोळ्या मिळायच्या नाहीत. संध्याकाळी ते पाव आणायला कोपऱ्यावर गेले, तर तिथं मोर्चा. थाळ्यांचा गजर चालू, एका वाण्याच्या मागच्या खोलीतून तेलाचे डबे निघालेले, आणि कुणी तरी बाई विचारतेय, "आता पुढं कुठं?" सिंधूवहिनींनी लाटणं वर केलं. त्या काही बोलणार, एवढ्यात गर्दीपलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याशी त्यांची नजरानजर झाली. सदूभाऊंच्या हातातला पाव खाली पडला. वहिनींनी लाटणं खाली घेतलं.

रात्री भिंतीपलीकडून आम्हांला ऐकू आलं ते एवढंच. "मी नाव सांगितलं नाही. पण पुढच्या वेळी सांगीन. दीड वर्ष झालं, मला त्या पलंगाखालचा केर काढायचाय."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. ७४ साली सदूभाऊंना चौदावाही चालला असता. मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस यांच्या हाकेला ओ देऊन लाखो रेल्वे कामगार ८ मे पासून बाहेर पडले आणि जवळजवळ तीन आठवडे देशाची चाकं थांबली. मालगाड्या नाहीत म्हणजे काहीच नाही. सदूभाऊ कचेरीला जाऊ शकत नव्हते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कृतार्थता होती. ज्या दिवसासाठी केला अट्टहास, तो दिवस आला होता. आता साठा उघडतील, असं वहिनींना वाटलं. सदूभाऊ म्हणाले, "आत्ताच उघडला तर पुढं काय? ही तर सुरुवात आहे." संपाच्या सगळ्या काळात त्यांनी शेजाऱ्यांकडून उसनी साखर आणली.

संप चालू असतानाच १८ मे ला पोखरणला अणुस्फोट झाला. चाळीत पेढे वाटले गेले. पेढे म्हणजे प्रत्येकी अर्धा. सदूभाऊंनी अर्धा पेढा घेतला आणि रेडिओ संपेपर्यंत ऐकला. बातम्यांत रॉकेलचा उल्लेख आला नाही. "वाळवंटात जमिनीखाली केलाय म्हणे," ते विचारात पडून म्हणाले. "जमिनीखाली जागा चांगली असते. ओल नाही."

त्या वर्षात घाऊक भाव सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास चढले. महागाई वाढली की महागाई भत्ता वाढायचा आणि सदूभाऊ त्या भत्त्याचे साबण करायचे. जुलैत सरकारनं वटहुकूम काढला. वाढीव महागाई भत्त्यातली निम्मी रक्कम आणि पगारवाढ झाली असेल तर ती सबंध, सक्तीनं ठेव म्हणून कापली जाणार. नंतर व्याजासकट हप्त्यांनी परत. कारण असं, की लोकांच्या हातात पैसा खेळला की लोक वस्तूंवर तुटून पडतात. सदूभाऊ ते परिपत्रक घरी घेऊन आले आणि त्यांनी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. आवाज कापत होता. माणसाचा पैसा, त्याला न विचारता, पुढं लागेल म्हणून काढून ठेवायचा? आज त्याला गरज असताना? हा कुठला न्याय? वहिनी तांदूळ निवडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "अगंबाई! म्हणजे दिल्लीतही पलंग आहे."

असं अजून बरंच चाललं असतं. पण २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली आणि चार-सहा दिवसांत पंतप्रधानांचा वीस कलमी कार्यक्रम आला. त्यातलं पहिलंच कलम किमती उतरवण्याचं. दुकानांवर मालाच्या आणि भावाच्या पाट्या लागल्या. साठेबाजांची धरपकड सुरू झाली. संध्याकाळच्या गाडीतला बाजार मुका झाला. तिथं आता कुणी हवेविषयीसुद्धा बोलेना. आणि कुठून तरी चाळीत बातमी शिरली, की दुकानं झाली, आता घरं तपासणार. ही बातमी ऐकीव होती. पण पहिल्यांदाच सदूभाऊंनी "म्हणतात, की आहे?" असं विचारलं नाही. त्यांच्या पाचावर धारण बसली. फाशीची पत्रं त्यांनी स्वतः लिहिली होती, कार्बन ठेवून.

रात्री एक वाजता सदूभाऊंनी दार हळूच उघडलं. दोन्ही काखांत डालड्याचे डबे. शेजारी राहणारे जोशी एकटे, त्यांचा पलंग रिकामा असणार, त्यांच्याकडे चार दिवस ठेवावेत, असा बेत. ते दोन पावलं गेले असतील, एवढ्यात समोरून जोशीच आले. त्यांच्या डोक्यावर गव्हाचं अर्धं पोतं होतं आणि ते सदूभाऊंकडे निघाले होते. दोघं क्षणभर थबकले. जिन्यात खुडबुड झाली. खालच्या मजल्यावरचे परब तेलाचा डबा घेऊन वर येत होते, वरचे कुलकर्णी साखरेची गोणी घेऊन खाली चालले होते, आणि जिना अरुंद असल्यामुळे कुणालाच पुढं जाता येईना. माझे वडील त्या गर्दीत नव्हते असं सांगायला मला आवडलं असतं. त्यांच्या हातात दोन डझन साबण होते. कुणीही कुणाला काही विचारलं नाही. बायका दारांत उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना प्रत्येकाच्या घरात काय आहे, हे केव्हापासून ठाऊक होतं. मोर्च्यातून येता-येता त्यांनी सगळा हिशेब एकमेकींना सांगितला होता.

सिंधूवहिनींनी तेवढ्यात पलंगाखालचा केर काढून घेतला.

घरं तपासायला कुणी आलं नाही. येणारही नव्हतं. ७५ चा पाऊस मात्र भरपूर झाला, पीक उतरलं, ७४ च्या शेवटी उतरणीला लागलेले भाव आणखी खाली आले. सदूभाऊंचा सगळा साठा चढ्या भावानं घेतलेला. ते रोज दुकानावरची पाटी वाचून येत आणि गप्प बसत. पाटीवरचा भाव दर आठवड्याला त्यांना थोडं थोडं गरीब करत होता. चाळीत आता त्यांचा सल्ला घ्यायला कुणी येईना. गोखल्यांच्या मुलानं त्यांची वही मागितली, क्रिकेटचे धावफलक लिहायला पुढची पानं कोरी आहेत म्हणून, आणि त्यांनी दिली. जिना उतरताना ते पुन्हा कठडा धरू लागले. वहिनींनी साठा सावकाश संपवत आणला. शेवटचा साबण कधी संपला हे मला ठाऊक नाही, पण त्यांच्या धाकट्या मुलाच्या कपड्यांना पुढं बरीच वर्षं एकाच साबणाचा वास येत असे.

१९७८ च्या ऑगस्टात जनता सरकारनं साखरेवरचं नियंत्रण साफ उठवलं. साखर इतकी उतरली, की रेशनच्या साखरेची कुणी आठवण काढीना. गौरी-गणपतीच्या आधी वहिनींनी सदूभाऊंना मुद्दाम वाण्याकडे पाठवलं. बरोबर मी होतो, गोणी धरायला. सवयीनं ते मला घेऊन निघाले होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दाराशी साखरेचं पोतं उघडं, वर माप खुपसलेलं. सदूभाऊंनी आधी इकडं-तिकडं पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "किती मिळेल?"

वाणी पेपर वाचत होता. तो मान वर न करता म्हणाला, "घ्या ना भाऊ. पाहिजे तेवढी घ्या."

"म्हणजे माणशी किती?"

"माणशी नाही आता. दहा किलो घ्या, वीस किलो घ्या. उद्याही आहे, परवाही आहे."

सदूभाऊंनी पोत्यात हात घातला, साखर मुठीत घेतली, बोटांतून परत सोडली आणि हात धोतराला पुसला.

"मग राहू द्या," ते म्हणाले.